गाडी मऊ चालायला टायर कुठले घ्यावे? गोव्यातल्या रस्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात पाऊस यायच्या आधी आणि परत चवथीच्या आधी, वर्षातून दोनदा तरी ओळखीतले लोक टायरबद्दल विचारायला लागतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: गाडी आदळते, आवाज करते, घरातली म्हातारी माणसं मागच्या सीटवर बसून गावी यायला कंटाळतात, आता टायर बदलायचेच आहेत तर जरा मऊ चालणारे सांग. म्हणून ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. माझं मत आधीच सांगून टाकते: आराम कंपनीच्या नावापेक्षा टायरच्या बाजूच्या उंचीत आणि आत भरलेल्या हवेत जास्त असतो. या दोन गोष्टी बरोबर असतील तर मधल्या किमतीचा टायरसुद्धा सुख देतो, आणि चुकल्या तर महागातला महाग टायर पण दणके देतो.

टायर बदलून गाडी खरंच मऊ चालते का?

चालते, पण किती ते आधीचे टायर कसे होते त्यावर आहे. पाचसहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, अंगठ्याचं नख दाबलं तर रुतत नाही, नक्षीच्या खोबणीत बारीक बारीक चिरा दिसतात. अशा टायरांवरून नव्यांवर आलात की पहिल्याच स्पीडब्रेकरला फरक कळतो. पण दोन वर्षांपूर्वीचे चांगले टायर असतील आणि फक्त अजून मऊ पाहिजे म्हणून बदलत असाल तर थोडा फरक पडेल, पैसे वसूल होतील असं मला वाटत नाही.

आणि तुम्हाला त्रास नेमका कसला होतोय ते आधी ठरवा, कारण लोक तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच शब्दात सांगतात. एक आदळणं, म्हणजे अटल सेतूवर किंवा नव्या झुआरी पुलावर सांध्यावरून जाताना धप्प असा दणका थेट पाठीत येतो तो. दुसरी गुणगुण, म्हणजे साठ-सत्तरच्या पुढे गेलात की आत सतत एक घरघर चालू राहते आणि मागच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. तिसरी थरथर, ठरावीक स्पीडला स्टिअरिंग किंवा सीट हलते. आदळण्यावर उपाय उंच साइडवॉल (टायरची बाजू) आणि बरोबर हवा. गुणगुणीवर उपाय टायरची नक्षी नि रबर. थरथर मात्र बहुतेक वेळा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसल्याची असते, तिच्यासाठी चार नवे टायर घेणं म्हणजे नुसता खर्च.

मग टायर घ्यायच्या आधी काय काय तपासून घ्यायचं?

हवा, बॅलन्सिंग, अलाइनमेंट (चाकं सरळ आहेत ना ते) आणि खालचं सस्पेंशन. गाडी एक लाख किलोमीटरच्या आसपास गेली असेल तर शॉकअप, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश यातलं काहीतरी गेलेलं असायची शक्यता बरीच असते. खड्ड्यात गेल्यावर कटकट, खडखड असा धातूचा आवाज आला तर तो टायरचा नाही. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी दोनतीनदा वरखाली डोलत राहिली तर शॉकअप गेलेत. हे न बघता नवे टायर बसवले तर वाईट म्हणजे शॉकअप खराब असल्यामुळे नवे टायरसुद्धा मधे मधे खड्डे पडल्यासारखे घासतात आणि वर्षभरात तेच आवाज करायला लागतात. आधी मेकॅनिककडे गाडी वर उचलून बघून घ्या, टायरवाल्याकडे नंतर जा.

हवा किती भरायची? पंपवाला सगळ्यांना पस्तीस भरतो.

हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आणि फुकटातला उपाय पण. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की चौकटीवर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतं, त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरला किती हवा हे लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत कमी माणसं असताना एक आणि गाडी पूर्ण भरलेली असताना एक असे दोन आकडे असतात. तो आकडा खरा. टायरच्या बाजूवर जो जास्तीत जास्त दाबाचा आकडा कोरलेला असतो तो त्या टायरची मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नव्हे, आणि तो बघून भरणारे लोक अजून भेटतात.

लहान गाडीच्या स्टिकरवर तीस-बत्तीस लिहिलंय आणि आत अडतीस भरलीय तर कुठलाही टायर आदळणारच, भरलेल्या फुटबॉलवर बसल्यासारखं होतं. वर टायरचा मधलाच भाग रस्त्याला लागतो, मधे लवकर घासतो आणि पावसात पकड कमी होते ते वेगळंच.

मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. दहा डिग्री तापमान वाढलं की हवेचा दाब साधारण दीड पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते माप) वाढतो, आणि म्हापशाहून पणजीला येऊन पंपावर थांबलात तर टायर गरम होऊन आकडा तीनचार पीएसआयने वर गेलेला असतो. त्या वेळी वाढलेली हवा काढून टाकू नका, थंड झाल्यावर ती कमी भरेल. एक छोटा गेज घेऊन डिकीत ठेवा, पंपावरचं मशीन आणि तुमचा गेज यात फरक निघणं काही नवल नाही.

आणि उलटं पण नको. मऊ वाटतं म्हणून स्टिकरच्या खाली चारपाच पीएसआय हवा ठेवून फिरणारे आहेत. कमी हवेत साइडवॉल सारखी दुमडते, टायर आतून तापतो, कडा घासतात, आणि खड्ड्यात रिमच्या ओठावर टायर चिमटून फाटतो. स्टिकरइतकी हवा, एवढंच.

टायरवर ते १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असतं, त्यात आरामाचं काय कळतं?

बरंच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमधे. ६५ म्हणजे बाजूची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम पंधरा इंची. ८८ हा वजनाचा आकडा, म्हणजे एक टायर ५६० किलो उचलू शकतो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलाय.

आरामासाठी बघायचा तो मधला आकडा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर, एवढी रबराची आणि हवेची उंची रस्ता आणि रिम यांच्या मधे आहे. ही साइज मारुती बलेनोच्या खालच्या मॉडेलची, तीच बलेनो वरच्या मॉडेलची घेतलीत तर टायर १९५/५५ आर १६, म्हणजे उंची १०७ मिलिमीटर. तेरा मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाही, पण खड्ड्याच्या कडेवर चाक चढतं तेव्हा दबायला तेवढीच जागा असते. एकच गाडी, एकच सस्पेंशन, तरी खालचं मॉडेल मऊ आणि वरचं कडक का वाटतं याचं मोठं कारण हे.

मुलाला सतरा इंची मॅगव्हील टाकायचेत. दिसायला छान दिसतात. आरामात फरक पडेल?

पडेल, वाईट बाजूने. सोळावरून सतरावर गेलात की चाकाचा एकूण घेर तेवढाच राहायला पाहिजे म्हणून टायर पातळ करावा लागतो. २०५/४५ आर १७ घेतला तर साइडवॉल ९२ मिलिमीटर उरते. रिम मोठा झाला की चाकाचं वजन पण बहुतेक वेळा वाढतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात जास्त जाणवतं. आपल्याकडे पावसाळ्यात हायवेवर सुद्धा काठ धारदार असलेले खड्डे एका रात्रीत तयार होतात, त्यात पातळ टायर गेला की एक तर टायरला फुगा येतो नाहीतर रिम वाकतो, आणि वाकलेला रिम कितीही बॅलन्स केला तरी पूर्वीसारखा चालत नाही. दिसण्यासाठी करायचं असेल तर करा बापडे, पण मग मऊ चालणारा टायर सुचव म्हणून विचारू नका.

मग उलटं करता येईल का, सोळाचे काढून पंधराचे?

हो, आणि हा उपाय फार कमी लोकांना सुचतो. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी पंधरा इंची रिम देत असेल तर ते रिम, त्याला कंपनीने ठरवलेला टायर, असा पूर्ण सेट बसवता येतो. वर सांगितलेल्या दोन साइजमधे चाकाचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच आहे, ६२१ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर पण चुकत नाही. बघायचं ते एवढंच की वरच्या मॉडेलची ब्रेक डिस्क आणि कॅलिपर पंधराच्या रिममधे अडकत नाहीत ना. एक रिम नुसता बसवून हाताने फिरवून बघायला सांगा, मगच पैसे द्या. पंधराचे टायर सोळाच्या मानाने स्वस्त पण पडतात. घरात सांधे दुखणारी माणसं असतील, रोज मागे बसून साखळी-पणजी करणारं कुणी असेल तर मी हाच उपाय सगळ्यात आधी सांगते.

१८५/६५ च्या जागी १९५/६५ टाकला तर? टायरवाला म्हणतो सगळे तेच टाकतात.

सगळे टाकतात हे खरं. साइडवॉल साडेसहा मिलिमीटरने वाढते, थोडा मऊपणा येतो, गाडी पण तेवढीच वर उचलली जाते. घेर दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर ९८ दाखवेल तेव्हा खरं तुम्ही शंभरवर असाल. रुंदी वाढल्यामुळे स्टिअरिंग किंचित जड, मायलेज किंचित कमी, आणि मूळचा छोटा इंजिन असेल तर पिकअपमधे जाणवतं. गाडी पाच माणसं नि सामान भरून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, आतून कुठे घासत नाही ना हे बघा. माझं म्हणणं, मूळ साइजचाच आरामाचा टायर आधी बघा, तेवढ्याने काम होतं. वॉरंटीत असलेल्या गाडीची साइज बदलायच्या भानगडीत तर पडूच नका.

कंपनी कुठली? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही सांगता येणार, कारण प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या स्वभावाचे टायर काढते आणि लोक कंपनीचं नाव घेऊन भांडत बसतात. अपोलोचा अमेझर हा जास्त किलोमीटर चालावा म्हणून बनवलेला, अल्नॅक त्याहून वेगळा, रस्त्यावरच्या पकडीकडे जास्त लक्ष दिलेला. सिएटचा मायलेज नावातच किलोमीटरवाला, सिक्युराड्राइव्ह पकड आणि आरामाकडे झुकलेला. ब्रिजस्टोनमधे स्टर्डो टिकण्यासाठी, इकोपिया पेट्रोल वाचवण्यासाठी, टुरान्झा आरामासाठी. मिशेलिनची प्रायमसी शांत चालण्यासाठी ओळखली जाते, योकोहामाची ब्लूअर्थ पण त्याच वाटेची, कॉन्टिनेंटलने तर नावातच कम्फर्ट घातलंय. म्हणून दुकानात गेल्यावर ब्रिजस्टोन द्या असं म्हणू नका, मॉडेलचं नाव घ्या. मी पाहिलंय की लोक महागाच्या कंपनीचा टिकाऊ मॉडेल घेऊन येतात आणि मग म्हणतात एवढे पैसे घालून पण आदळतो.

जास्त चालणारा टायर साधारणपणे कडक रबराचा असतो. शांत आणि मऊ पाहिजे तर काही हजार किलोमीटर कमी चालणार हे धरूनच चला.

आपल्या उसगावात एमआरएफचा कारखाना आहे, मग इथे एमआरएफ ताजा मिळतो का?

असं काही नसतं. एमआरएफचे कारखाने तामिळनाडू, केरळ, तेलंगणा असे बऱ्याच ठिकाणी आहेत आणि कुठल्या साइजचा टायर कुठून गोदामात नि तिथून डीलरकडे येईल ते आपल्या हातात नाही. ताजा की शिळा हे कळायचा एकच मार्ग, तारीख वाचणं. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा पहिला पंधरवडा. बऱ्याच टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि टायर रिमवर चढवताना ती बाजू आत गेली तर मग मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घालावं लागतं, म्हणून चढवायच्या आधीच बघा. आमच्या नात्यातल्या एकाला एका दुकानाने चारपैकी दोन टायर अडीच वर्षं जुने लावून दिले होते, बिलावर तारीख नव्हती, नंतर बोलून काही उपयोग झाला नाही. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा टायर मी बिनधास्त घेईन, वर्षाच्या वरचा असेल तर दुसरा मागेन किंवा भाव कमी करून घेईन. चारही टायर एकाच सुमाराचे असले तर उत्तम.

टायरचा आवाज आहे की बेअरिंगचा, कसं ओळखायचं?

दोन गोष्टी करून बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या स्पीडला हलकेच डावीकडे, मग उजवीकडे गाडी झुकवा. आवाज एका बाजूला झुकल्यावर वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर बहुतेक बेअरिंग. रस्ता बदलला की आवाज बदलला, म्हणजे खरबरीत खडीच्या डांबरावर घरघर आणि नव्या गुळगुळीत पट्ट्यावर एकदम शांत, तर तो टायर.

मग गाडी थांबवून मागच्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेला हात सरळ सरकला आणि दुसऱ्या दिशेला प्रत्येक ठोकळ्याची कड बोटाला करवतीच्या दातासारखी लागली तर तो टायर वाकडा घासलाय, आणि आवाज तोच करतोय. हे दिसत नाही, हातालाच कळतं. वेळच्या वेळी, आठ-दहा हजार किलोमीटरला, टायर पुढचे मागे नि मागचे पुढे केले असते तर टळलं असतं. एकदा असं घासल्यावर जागा बदलून आवाज थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

आम्ही दर महिन्याला चोर्ला घाटाने बेळगावला जातो. मऊ टायर घाटात धोक्याचे नाहीत ना?

धोक्याचे नाहीत, पण स्वभाव वेगळा असतो. मऊ साइडवॉलचा टायर वळणावर आधी किंचित कलंडतो आणि मग गाडी वळते, कडक टायर स्टिअरिंग फिरवल्या फिरवल्या वळतो. अनमोड, चोर्ला, करमळ घाट अशा वळणांवर जोरात चालवायची सवय असेल तर पहिले काही दिवस गाडी तरंगल्यासारखी वाटेल. घरच्यांना घेऊन शांतपणे जाणाऱ्याला काही त्रास नाही, उलट मागे उलट्या होणारी मुलं असतील तर बरंच पडतं. घाटात खरा प्रश्न ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा असतो आणि चांगले आरामाचे टायर तिथे बऱ्याचदा टिकाऊ टायरपेक्षा सरस असतात, कारण त्यांचं रबर मऊ.

पण मऊ टायर लवकर फाटतात म्हणतात. आमच्या वाड्यावर जायला चिऱ्याचा रस्ता आहे.

यात तथ्य आहे. बऱ्याच टायरांच्या बाजूवर आत काय काय घातलंय ते बारीक अक्षरात कोरलेलं असतं, ट्रेडमधे (रस्त्याला लागणाऱ्या भागात) स्टील किती थर, पॉलिएस्टर किती, नायलॉन किती, आणि साइडवॉलमधे पॉलिएस्टर किती. साइडवॉलपुढे एक थर लिहिला असेल तर तो मऊ वळतो पण चिऱ्याची कड बाजूने लागली तर फाटायची भीती जास्त, दोन थर असतील तर थोडा कडक पण दणकट. सत्तरी, सांगे, केपे भागात घरापर्यंत जांभ्या दगडाचा उघडा रस्ता असेल, खाणीच्या पट्ट्यात रोजचं जाणं असेल, तर मी दोन थरांचा टायर मूळ साइजमधे घेईन आणि मऊपणासाठी फक्त हवेवर लक्ष ठेवीन. पणजी-मडगाव करणाऱ्याने एक थर असला तरी घ्यावा, अडचण नाही.

आणि बाजूला अंड्याएवढा फुगा आला तर तो टायर संपला. आतले धागे तुटलेले असतात, त्याला दुरुस्ती नाही, पंक्चरवाला काहीही म्हणो. खड्ड्यात आपटून आलेला फुगा कंपनीच्या साध्या वॉरंटीत बहुतेक धरला जात नाही, काही कंपन्यांची वेगळी योजना असते, घेतानाच विचारून बिलावर लिहून घ्या.

पावसाळ्यासाठी काय बघायचं?

नक्षीत गोल फिरणाऱ्या तीनचार रुंद सरळ खोबणी असायला पाहिजेत, पाणी त्यातूनच बाहेर जातं. कायद्याने खोबण १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खोबणीत मधे मधे रबराच्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण आपल्याकडे जून-जुलैत जसा कोसळतो त्यात त्या पट्टीपर्यंत थांबणं मला मान्य नाही. तीन मिलिमीटर उरली असेल तर मे महिन्यातच बदलून टाका. पाण्याच्या थरावर गाडी तरंगायला लागली की ब्रेक, स्टिअरिंग काहीच चालत नाही आणि ते नक्षी कमी असली की कमी स्पीडला होतं.

नवरा बोटीवर असतो, गाडी सहा महिने झाकून असते. परत काढली की दोनतीन दिवस धडधडते.

फ्लॅट स्पॉट. एकाच जागी वजन घेऊन राहिल्यामुळे टायर खालच्या बाजूने चपटा होतो. थोड्या दिवसांचा असेल तर वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर टायर गरम होऊन परत गोल होतो. सहा महिन्यांचा असेल आणि हवा पण उतरली असेल तर कधी कधी कायमचा राहतो. महिन्यातून दोनदा कुणाला तरी गाडी काढून फिरवायला सांगा, ते जमत नसेल तर हवा बरोबर ठेवून निदान चाक अर्धा फेरा तरी पुढेमागे करून ठेवा. आणि झावळ्यांचं छप्पर असो की शेड, टायरवर थेट ऊन नको.

दोनच टायर बदलले तर चालेल? नवे पुढे लावायचे ना?

दोन चालतील, पण नवे मागे लावा. लोकांना हे पटत नाही, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढते. पण ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि स्पीड कमी केला की सावरता येते, मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते आणि साध्या माणसाला ती सावरत नाही. आरामाच्या दृष्टीने पण मागे बसणाऱ्यांना फायदा. एकाच एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळे मॉडेल मात्र कधीच नको.

टॅक्सी आहे, दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवर भाडी असतात. आराम बघू की किलोमीटर?

टॅक्सीला किलोमीटर सोडून चालणार नाही, हे मला कळतं. मूळ साइजचा टिकाऊ टायर घ्या आणि आराम हवेतून, बॅलन्सिंगमधून आणि वेळच्या वेळी जागा बदलण्यातून काढा. डिकीत बॅगा भरून जाता तेव्हा मागची हवा स्टिकरवरच्या भरलेल्या गाडीच्या आकड्याएवढी करा. गिऱ्हाइकाला खरं खटकतं ते गुणगुण आणि थरथर, आणि दोन्ही सांभाळता येतात.

इलेक्ट्रिक गाडीला वेगळे टायर लागतात का?

बॅटरीमुळे गाडी जड असते, त्यामुळे वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी चालणारच नाही. एक्सएल लिहिलेले टायर जास्त वजनाचे नि जरा कडक असतात, गाडीला लागत नसतील तर आरामासाठी ते टाळा, लागत असतील तर दुसरा उपाय नाही. इंजिनचा आवाज नसल्यामुळे टायरचा आवाज जास्त ऐकू येतो, म्हणून इथे शांत मॉडेलवर दोन पैसे जास्त घालणं मला योग्य वाटतं. काही टायरांत आतून फोम चिकटवलेला असतो, तो आतल्या हवेचा घुमणारा आवाज कमी करतो, पण पंक्चर काढताना फोम सोलावा लागतो.

नायट्रोजन भरल्याने मऊ होते का?

नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. आकडा बरोबर ठेवा, गॅस कुठला का असेना.

एका चाकाची हवा आठवड्याला चारपाच पीएसआय उतरते, पंक्चर सापडत नाही.

लोखंडी रिम असेल आणि समुद्राकाठच्या गावात गाडी असेल तर रिमच्या ओठावर गंज धरला असेल, जिथे टायर चिकटून बसतो तिथे. टायर उतरवून ती कड घासून साफ करून घ्या, नवे टायर बसवतानाच हे केलं तर वेगळे पैसे पण जात नाहीत. व्हॉल (हवा भरायची नळी) पण नवे टाका, टायर नवा नि व्हॉल जुना ठेवणं बरोबर नाही. समुद्राचा खारा वारा आणि पावसाळा मिळून रिमची काय अवस्था करतात ते टायर उतरवल्यावरच दिसतं.

दुकानात उभं राहून काय काय बघायचं?

तारीख बघितलीतच. मग आयएसआयचा शिक्का आहे का बघा. टायरवर बाहेरची बाजू कुठली ते लिहिलेलं असेल किंवा फिरायची दिशा बाणाने दाखवलेली असेल तर बसवल्यावर तपासा, घाईत उलटे बसवतात. बॅलन्सिंगला मशीनजवळ उभे राहा. वजनं लावल्यावर परत एकदा चाक फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवल्याशिवाय उतरवू देऊ नका. एका चाकाला साठसत्तर ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून बसवायला सांगा, बहुतेक वेळा वजन कमी होतं, नाही झालं तर टायर किंवा रिममधे काहीतरी आहे. अलाइनमेंट शेवटी, आणि तिचा कागद घ्या. नट हाताच्या पान्याने नीट आवळायला सांगा, नुसत्या हवेच्या गनने नको. हवा स्टिकरप्रमाणे तुम्ही स्वतः सांगा, कारण नवीन टायर बसवताना दुकानात बऱ्याचदा जास्त भरतात आणि लोक घरी येऊन म्हणतात नवे टायर कडक निघाले.

भाव चार ठिकाणी विचारा, बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, जुन्या दराचे कोटेशन कुणी दाखवलं तर तेवढं लक्षात असू द्या.

नवे टायर लावले आणि पहिल्याच पावसात गाडी घसरल्यासारखी वाटली. खराब निघाले?

नाही, नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना लागलेला थर असतो, तो थोडं चालल्यावर जातो. पहिले दोनतीनशे किलोमीटर बेताने चालवा, जोरात ब्रेक नको. मऊपणा पण तेवढं चालल्यावरच नीट कळतो. त्यानंतर एकदा थंड टायरला हवा परत मोजा.

आणि स्टेपनी?

काढलेल्या चारपैकी जो बरा असेल तो ठेवा, पण साइज तीच पाहिजे. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही, बाजूला तसं लिहिलेलंच असतं. तिची हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त असते आणि वर्षभर कुणी बघत नाही, चारांची मोजाल तेव्हा पाचवीची पण मोजा. पंधराचे रिम घातले असतील आणि स्टेपनी सोळाची राहिली असेल तर दोन्हींचा घेर सारखा आहे ना ते आधीच टेपने मोजून ठेवा, रात्री अनमोडच्या जंगलात मोजत बसायची वेळ यायला नको.